हात धुतले का?

"तोंड धुऊन या."

सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे वाक्य. नमस्कार नाही, नाव काय नाही, बसा नाही. कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून माझा पहिला दिवस. इस्त्रीची साडी नेसून, पुन्हा पुन्हा आरशात बघून मी घरातून निघालेली. आणि लॅबच्या दारात पांढऱ्या कोटातला हा काटकुळा माणूस माझ्या तोंडाकडे असा बघतोय, जसं काही मी शेण फासून आले आहे.

"काय म्हणालात सर?"

"पावडर लावलीय तुम्ही. ती उडते. उडून माझ्या भट्टीपर्यंत जाते. तोंड धुऊन या, मग नाव सांगा."

अगं बाई! वडीलसुद्धा मला असं कधी बोलले नव्हते. पण नोकरी नवी, विभागात बाईमाणूस मी एकटीच, भांडणार कुणाशी? गुपचूप बेसिनवर गेले, खळाखळा तोंड धुतलं, पदराने पुसलं. परत आले तर सर मान वाकडी करून म्हणतात, "नाकाच्या बाजूला राहिलीय की."

घरी येऊन मी आईला सांगितलं, उद्यापासून मी जाणार नाही, माणूस वेडा आहे. आई भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बाई गं, पुरुषमाणूस तुझ्या तोंडाकडे बघतो आणि त्याला फक्त पावडर दिसते, यापेक्षा बरा साहेब तुला मिळायचा नाही. जा मुकाट्याने."

गेले. आणि पुढची कितीतरी वर्षं रोज त्या माणसाने मला एकेक धक्का दिला. काही धक्के हसण्यासारखे होते. एक मात्र असा होता की त्याला हसणं मला आजवर जमलेलं नाही.

लॅबमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला सर एकच प्रश्न विचारत. "हात धुतले का?" विद्यार्थ्याला विचारत, शिपाईमामांना विचारत, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला विचारत. एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. प्राचार्य पुढे, मागे सुटाबुटातली बडी मंडळी. सरांनी दारात हात आडवा धरला आणि सगळ्यांना साबण दाखवला. प्राचार्यांचा चेहरा असा काही झाला की मी बाटल्यांच्या कपाटामागे जाऊन पदर तोंडात कोंबला. पण धुतले बरं सगळ्यांनी. सर मागे उभे राहून बघत होते, नखंसुद्धा.

हे सगळं बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा चालू होतं, हे ऐकून आजची माणसं थक्क होतात. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, बायका घागरी घेऊन पेठोपेठ हिंडतायत, आणि आमचे सर शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरातून सायकलच्या हँडलला तांब्याची कळशी लटकवून हात धुवायचं पाणी आणतायत! स्वतःच्या आंघोळीतलं पाणी वाचवलेलं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी माझ्या कानात काय म्हणाले असतील? हात धुतलेत का. मी रडायलाच लागले. सगळ्यांना वाटलं, पोरगी माहेर सुटतंय म्हणून रडतेय."

माझ्या स्वतःच्या लग्नानंतर मी कामावर आले तर हाताला हळद. नव्या नवरीच्या हाताची हळद! सरांनी काय करावं? घासायचा ब्रश आणि साबण पुढे केला. म्हणाले, "संसाराला शुभेच्छा. घास." सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या सरांना मारायलाच निघाल्या होत्या.

आता एवढं सोवळं कशासाठी, ते सांगायला हवं. सर जन्मभर लोखंडाच्या गंजाशी संसार करत होते. गंजासारखीच लालसर तपकिरी पूड ते तयार करायचे, नळीत भरायचे, नळी भट्टीत घालायचे. एका टोकाने वायू आणि वाफ सोडायची. पूड चांगली असली की दुसऱ्या टोकाने हायड्रोजन निघायचा, बाकीचे वायू वाटेतल्या बाटल्यांत शोषले जायचे आणि पाण्यात उपड्या धरलेल्या काचेत बुडबुडे चढायचे. पूड जिवंत असेल तर बुडबुड्यांची रांग तुटायची नाही. मेलेली असेल तर बसा वाट बघत.

अशा पुडीला उत्प्रेरक म्हणतात. सर वर्गात सांगायचे, "मध्यस्थ हो मध्यस्थ. दोघांचं जमवून देतो, स्वतः कुणाच्या जेवणावळीत बसत नाही." आणि ही सगळी जमवाजमव कुठे होते? पुडीच्या वरच्या पृष्ठभागावर. आतल्या अणूंना पत्तासुद्धा नसतो. म्हणून सरांचं सगळं तत्त्वज्ञानच वरचं होतं. आपल्याकडे कुणीही उठावं आणि म्हणावं, बाहेरचं काय बघता, अंतरंग बघा. सर भडकायचे. "अंतरंग कुणी बघितलंय? जगात जे काय होतं ते वर होतं. मला वरचं सांगा."

जेवतानासुद्धा हेच. कडक भाकरी त्यांच्या फार आवडीची. "हिला आत नाहीच गं पोरी, दोन्हीकडून वरच आहे," असं म्हणत कडाकडा चावायचे. मऊ भाकरी असली तर पापुद्रा खाऊन बाकीची डब्यात परत. शेंगाचटणीवर तर त्यांनी एकदा अख्खा तास घेतला होता. अख्खा शेंगदाणा आणि कुटलेला शेंगदाणा, वजन तेच, मग चव का वाढली? पृष्ठभाग वाढला! पोरं टाळ्या पिटत होती आणि मी मागे उभी राहून विचार करत होते, या माणसाला कुणी पोरगी दिली कशी.

तर त्यांचा दावा असा होता. जगभर लोक लोखंडाच्या पुडीत काही ना काही मिसळतात, तेव्हा कुठे ती नीट काम करते. सर म्हणायचे, काही मिसळायची गरज नाही. लोखंडाचा पृष्ठभाग पुरता स्वच्छ ठेवा, नुसतं शुद्ध लोखंड पुरे. आणि गंमत म्हणजे त्यांची पूड खरोखर काम करायची, वर्षानुवर्षं. त्याच्यावरच त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध होता, पन्नाशी उलटल्यावर पुरा झालेला. पदवी मिळाली की विभागप्रमुखाची खुर्ची त्यांची, हे प्राचार्यांनी सांगूनच ठेवलं होतं.

पुडीचा शेवटचा संस्कार सर हाताने करायचे. खलबत्ता चालायचा नाही. "दगड झिजतो आणि पुडीत उतरतो. बोट झिजत नाही," असं त्यांचं म्हणणं. भाकरीचं पीठ चाचपावं तशी ती पूड ते बोटांत चोळायचे, गुठळ्या मोडायचे, डोळे मिटून. म्हणून तर हात धुवायचा एवढा घोष.

पूड वर्षातून एकदाच व्हायची. दसऱ्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा कॉलेज रिकामं, भट्टीला वीज पुरेशी आणि धूळ उडवायला पोरं नाहीत. आणि दिवसही ठरलेला, खंडेनवमीचा. त्या दिवशी गिरणीत, कारखान्यात, माग असलेल्या घराघरात हत्यारं पुजतात, तशी सर भट्टी पुजायचे. मला पहिल्या वर्षी हे बघून घेरीच यायची बाकी होती. एरवी कपाळ कोरं, देवाधर्माचा शब्द तोंडात नाही, आणि आज हा माणूस हात धुऊन, भट्टीसमोर उभा राहून, विभूतीचा खडा बोटांवर घासतोय, भट्टीवर तीन बोटं ओढतोय, कपाळावर तीन बोटं ओढतोय! वर मला म्हणतात, "बघतेस काय? नारळ फोड. बाहेर जाऊन फोड, पाणी उडेल."

मग लगेच पूड चोळायला बसायचे.

विभूती मंद्रूपहून यायची. तिथे त्यांची आई असायची, तिला ते अव्वा म्हणायचे. घरात कानडी आणि मराठीची सरमिसळ होती. नवरात्र बसायच्या सुमाराला अव्वा स्वतः एसटीने यायची, गुडघा धरून लॅबच्या पायऱ्या चढायची आणि दारातच बसकण मारायची. फडक्याच्या गाठीत विभूतीचे खडे. सर तिलाही सोडायचे नाहीत. "अव्वा, कै तोळको." म्हणजे हात धू.

"तुला भाईर काडला तवा कुनी हात धुतलं हुतं रं?" अव्वा म्हणायची. "मेलास का? न्हाय न्हवं?"

सगळी लॅब हसायची, सर सोडून.

मी एकदा विचारलं, विभूती बाजारात मिळत नाही का, एवढ्या लांबून कशाला आणता? तर म्हातारी माझ्यावर उखडलीच. "ईकतची व्हय? ही माज्या चुलीतली हाय. तुराट्या जाळायच्या, वरनं शेणी, मग वस्तरगाळ करायची आन् खडं वळायचं. बाजारात काय बी देत्यात, लई चोर हाईत."

तिचा गुडघा जाम दुखायचा. पण ती कुठल्या डॉक्टरला दाखवायची नाही. मुलगा डॉक्टर होणार हे तिने ऐकलं होतं, आणि ती त्याच्यासाठी थांबली होती. मी तिला समजवायला गेले, "अव्वा, सर ते डॉक्टर नाही होणार. हे पदवीचे डॉक्टर."

"मग? गुडगा काय पदवीबिगर दुकतोय?"

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "समजावू नकोस. मी समजावून दमलोय. झाल्यावर चोळून देईन की तेल."

प्रबंध विद्यापीठात पाठवला त्या वर्षी उन्हाळ्यात अव्वा गेली. सर चौथ्या दिवशी कामावर हजर. मला वाटलं होतं काही बोलतील. दारात येऊन एवढंच म्हणाले, "हात धुतले का?" आणि कोट घालून भट्टीशी गेले. मला राग आला त्यांचा. माणसाने आईसाठी दोन दिवस तरी मोडून पडावं.

त्या खंडेनवमीला विभूती शुक्रवार पेठेतल्या दुकानातून आणली. अव्वाच्या हातचा एक खडा घरी होता, पण तो देव्हाऱ्यात ठेवलाय असं काकूंनी मला सांगितलं. शेवटचा म्हणून सर त्याला हात लावू देत नव्हते. दुकानातली विभूती पांढरीफेक, चांगल्या गोल वड्या. सरांनी भट्टी पुजली, कपाळाला लावली, पूड चोळली, भाजली. दिवाळीनंतर नळी लावली.

बुडबुडे नाहीत.

म्हणजे एखादा यायचा, रस्ता चुकल्यासारखा, आणि बस. सरांना वाटलं गळती आहे. सगळे सांधे सोडले, पुन्हा लावले. नाही. मग भट्टीवर संशय, मग वायूच्या टाकीवर, मग पाण्यावर. पाणी पुन्हा पुन्हा उकळून त्याची वाफ थंड करून घेतली. शिपाईमामांवर संशय की त्यांनी फिनेल वापरलं. मामा बिचारे देवीची शपथ घेऊन रडायला आले. आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठाचं पत्र. पुण्याचे परीक्षक तोंडी परीक्षेला येणार, आणि त्यांना पूड चालताना डोळ्यांनी बघायची आहे. 'शुद्ध लोखंड' या शब्दांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता म्हणे.

जुन्या वर्षांची चिमूटभर पूडसुद्धा शिल्लक नव्हती, कारण नवा घाणा झाला की सर जुनी फेकून द्यायचे. सरांचं जेवण सुटलं. डबा तसाच परत जायचा, कडक भाकरीसकट. काकू मला वाटेत गाठून विचारायच्या, "काय झालंय गं यांना?" मी काय सांगणार, बुडबुडे येत नाहीत?

एका सकाळी मी लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि सर माझ्यासमोर उभे. डोळे तांबारलेले. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "खरं सांग. पावडर लावतेस ना तू?"

माझं डोकं सणकलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडावाटे आलं. "सर, नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर मी या लॅबमध्ये पावडर लावून आलेली नाही! लग्नाची हळद तुम्ही माझ्याकडून ब्रशने घासून घेतलीत. माझी हळद चालत नाही, मामांचं फिनेल चालत नाही, आणि तुम्ही स्वतः दर खंडेनवमीला राखेने बरबटलेले हात तसेच पुडीत घालता, ते बरं चालतं?"

बोलले आणि जीभ चावली. देवाची विभूती, आणि तीही गेलेल्या आईच्या हातची. तिला मी राख म्हणाले! वाटलं, आता हा माणूस मला हाकलून देणार, आणि द्यायलाच हवं.

सर हलले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि ती तीन बोटं बघत राहिले.

"राख म्हणालीस?"

"चुकलं सर. मला तसं म्हणायचं—"

"चुकलं काय त्यात? राखच आहे ती." ते स्टुलावर बसले. "विभूतीचा हात धुवायचा नसतो. लहानपणापासून अव्वाने सांगितलेलं. तो मळ नसतोच ना. जगाचे हात धुवायला लावले मी, आणि विभूतीला मळ म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही." मग अगदी हळू, "तुराट्यांची, तुरीच्या काड्यांची राख. पोटॅश असतं गं त्यात. शेतकऱ्याचं शेंबडं पोर सांगेल."

दुकानातल्या वड्या नुसत्या खडूच्या असाव्यात. अव्वाची राख पुडीत पडत होती तोवर पूड जिवंत होती. अव्वा गेली आणि पूड मेली. शुद्ध लोखंडाने काही काम केलंच नव्हतं. म्हणजे सगळा प्रबंध, ती सगळी वर्षं, पाण्यात.

पण खरा हादरा अजून बसायचाच होता. दुसऱ्या दिवशी सर देव्हाऱ्यातला तो शेवटचा खडा रुमालात बांधून घेऊन आले. मला कळेना कशाला. त्यांनी ॲसिडची बाटली काढली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सर, नाही!" मी आडवीच गेले. "पोटॅशची बाटली कपाटात आहे. ती घ्या ना. ती पुडीत घाला, बुडबुडे आले की झालं सिद्ध."

"बाटलीतलं पोटॅश काम करतं का, हे मला विचारायचं नाही. ते जगाला ठाऊक आहे. माझ्या पुडीत काय काम करत होतं, ते विचारायचंय. ते हीच सांगेल."

"आणि कुणाला सांगायचंय? प्रबंध गेलाय, आकडे खरे आहेत, तुम्ही काही चोरी केलेली नाही. परीक्षकांसमोर बाटलीतलं पोटॅश टाकून पूड चालवून दाखवा, पदवी घ्या आणि मोकळे व्हा. कोणाला कळणार आहे सर?"

सर माझ्याकडे बघून थोडं हसले. त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच. "पृष्ठभागाला कळतंय की."

मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. अव्वा जन्मभर 'माजा ल्योक डाक्टर' म्हणत मेली, आणि हा माणूस तिचीच शेवटची आठवण फोडून ती डॉक्टरकी बुडवायला निघाला होता.

त्यांनी खडा मधोमध फोडला. अर्धा ॲसिडमध्ये टाकला, तो फसफसला आणि विरला. मग प्लॅटिनमची तार त्यात बुडवून बर्नरच्या ज्योतीत धरली. ही परीक्षा आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांकडून करून घेतो. नुसत्या डोळ्यांना ज्योत पिवळी दिसते, निळ्या काचेतून बघितली की पोटॅश असेल तर जांभळी. सरांनी काच डोळ्याला लावली. काढेचनात. मग मला दिली. "बघ. आहे."

होती. छान फिकट जांभळी, क्षणभर, आणि गेली. मी काच खाली घेतली तर सरांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं. "ॲसिडच्या वाफा लागतात गं," ते म्हणाले. ॲसिडच्या बाटलीला बूच लावलेलं होतं.

उरलेला अर्धा खडा त्यांनी नव्या पुडीत घातला. दर खंडेनवमीला घासत तसा, तीन बोटांवर घासून, हात न धुता. दुसरी पूड हात धुऊन केली. दोन्ही भाजल्या.

तोंडी परीक्षेच्या दिवशी प्राचार्य पेढ्यांचा पुडा घेऊनच आले होते. पुण्याचे परीक्षक भारदस्त, कमी बोलणारे. सरांनी दारात विचारलं, "हात धुतले का?" आणि त्यांनी एक शब्द न बोलता धुतले. सरांनी पहिली नळी लावली. बुडबुड्यांची रांग लागली, तुटेचना. परीक्षक वाकून बघत राहिले. म्हणाले, "मी अविश्वास दाखवला होता, माफ करा. अभिनंदन, डॉक्टर—"

"थांबा साहेब," सर म्हणाले. "ही पूड शुद्ध नाही. शुद्ध ती दुसरी." आणि त्यांनी दुसरी नळी लावली. त्या नळीतून एखादा बुडबुडा आला, बाकी सारं शांत. मग सरांनी सगळं सांगितलं. खंडेनवमी, विभूती, तुराट्या, अव्वा, न धुतलेला हात. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. एखाद्या दुसऱ्याच माणसाची चूक सांगावी तसे सांगत होते.

प्राचार्य उभ्याउभ्या पांढरे पडले. "अहो, काय बोलताय काय तुम्ही! साहेब, यांची तब्येत ठीक नाही." मी भिंतीला टेकले होते. सगळं ठाऊक असूनही मला शेवटपर्यंत वाटत होतं, ऐन वेळी हा माणूस गप्प बसेल. देवाशप्पथ, तसा मी नवससुद्धा बोलले होते.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी पुष्कळ प्रबंध नापास केले," ते म्हणाले. "पण नापास करायला इतका भक्कम पुरावा उमेदवाराने स्वतः आणून दिला, असं कधी झालं नाही. मला पदवी देता येणार नाही."

"नाहीच द्यायची," सर म्हणाले.

"नव्याने लिहा. हेच लिहा. मी वाचीन."

"बघू," सर म्हणाले. पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला वर्षं हवी होती. नाही झालं ते. पेढ्यांचा पुडा प्राचार्यांनी तसाच परत नेला. प्रमुखाच्या खुर्चीवर दुसरे एक डॉक्टर येऊन बसले. त्यांनी कधी कुणाला हात धुतले का विचारलं नाही, आणि स्वतःचे धुतले असतील असं मला वाटत नाही.

मी बरेच दिवस सरांशी नीट बोलले नाही. मला त्यांचा अभिमान वाटत होता असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला फक्त संताप येत होता. एवढा खरेपणा कशाला लागतो माणसाला?

सर निवृत्त झाले त्या वर्षीच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला त्यांच्या घरी गेले. अंगावर जरीची साडी, तोंडाला पावडर अगदी सढळ हाताने लावलेली, मुद्दाम. वाटेत सगळ्यांकडून आपट्याची पानं घेत-देत आलेले, त्यामुळे हात धुळीचे. काकूंनी दार उघडलं. सर देव्हाऱ्यासमोर बसले होते, कपाळावर दुकानातली विभूती.

मी सोनं दिलं, पाया पडले. वर बघितलं तर देव्हाऱ्यात, अव्वाचा खडा असायचा त्या जागी, दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली काचेची छोटी नळी. आत तपकिरी पूड. काकूंनी तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"ती चाललेली पूड," सर म्हणाले. "दाखवली ना त्या दिवशी, तीच. अव्वा आहे त्यात." त्यांनी फूल बाजूला केलं, नळी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "घे, बघ."

इतक्या वर्षांची सवय. मी हात मागे घेतला. "थांबा सर, हात धुऊन येते."

"राहू दे गं," सर म्हणाले. "तशीच घे."